उसाला चौदा दिवस, पोरीच्या फीला किती?

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एका नातेवाइकाकडं बारसं होतं. जेवणं उरकली, बायका पाळण्याजवळ सरकल्या आणि मांडवात बाप्यांचा वाद सुरू झाला. प्रवेशाच्या दिवसांत सोलापुरात चार माणसं बसली की हा वाद ठरलेला. एकाचं म्हणणं, मुलींना इंजिनिअरिंगची फी माफ केली, मग आमच्या पोरानं काय घोडं मारलंय? दुसऱ्यानं त्याला आठ लाखांची उत्पन्नमर्यादा ऐकवली. तिसरा उसळला, "आठ लाखवाला गरीब, तर आपण काय बे मग?" मग जात आली, मेरिट आलं, कुणाच्या तरी भाच्याला कमी मार्कांवर मिळालेली सीट आली. कोपऱ्यात बडीशेप चघळत एक यंत्रमाग कामगार बसला होता. त्याची मुलगी दुसऱ्या वर्षाला आहे. तो एवढंच म्हणाला, "आमचं गेल्या वर्षीचंच अजून आलं नाही." त्याच्याकडं कुणी वळूनही पाहिलं नाही.

माझ्या मते त्या मांडवात मुद्द्याचं तेवढंच बोललं गेलं. उच्च शिक्षणातल्या मदतीवर आपण वर्षानुवर्षं 'कुणाला' आणि 'किती' असं भांडतो आहोत, आणि पोरं गळतात ती 'कधी' या प्रश्नावर. शासन काहीच देत नाही ही ओरड खोटी आहे. शासन देतं, पण उशिरा देतं. तो उशीर ज्या घराला सोसतो, त्याच घराला ती मदत पदरात पडते. बाकीच्यांच्या नशिबी फक्त पात्रता. हे मी कुठला अहवाल वाचून सांगत नाही. एका खासगी कॉलेजच्या कार्यालयात मी सव्वीस वर्षं फीच्या खिडकीच्या आतल्या बाजूला बसलो आहे. पोरांचे कागद अडवायचं काम याच हातांनी केलंय.

बाहेरच्याला शिष्यवृत्ती म्हणजे एक रक्कम वाटते. आत बसलेल्याला ती रांग दिसते. पोरगं आधी उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, पडताळणी, नॉन क्रिमीलेअर, डोमिसाईल गोळा करत दाखले देणाऱ्या सेतू केंद्राचे खेटे घालतं. मग शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज. तो कॉलेजच्या लॉगिनला येतो, तिथून विभागाच्या लॉगिनला जातो, त्रुटी निघाली की सापशिडीतल्या सोंगटीसारखा खाली घसरतो. आधार बँक खात्याला जोडलेलं नसेल तर मंजूर झालेला पैसाही लटकतो. सगळं सुरळीत पार पडलं तरी रक्कम हप्त्यांनी येते. पहिला हप्ता येईतो पहिलं सत्र उलटलेलं असतं, कधी अख्खं वर्षही. फी मात्र प्रवेशाच्या दिवशी. या दोन तारखांमधलं अंतर कोण भरून काढतं?

सोलापुरात त्याचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. अशोक चौकाच्या आसपासच्या वस्त्यांत किंवा कुंभारीच्या विडी घरकुलात उंबऱ्यापाशी मांडीवर सूप घेऊन बसलेली बाई दिसेल. पानं भिजवायची, कात्रीनं मापात कापायची, तंबाखू भरून वळायची, सूत बांधायचं. हजार विड्या झाल्या की दिवस भरला. कारखान्यात त्यातल्या काही छाट म्हणून बाजूला काढल्या की तेवढी मेहनत पाण्यात. या बाईनं ऑगस्टमध्ये एकरकमी पन्नास हजार कुठून आणायचे? ती आणते. गटाचं कर्ज काढते, आठवड्याच्या हप्त्यानं. नाहीतर गळ्यातलं सोन्याच्या दुकानात जातं. पुढं कधीतरी शिष्यवृत्ती येते तेव्हा ती शिक्षणाला जात नाही, कर्जाला जाते. सरकारनं पोरीच्या शिक्षणासाठी दिलेल्या पैशाचा एक लचका व्याजात गेलेला असतो आणि तो कुठल्याच अर्थसंकल्पात दिसत नाही. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राच्या श्रम मंत्रालयाची वेगळी मदत आहे, व्यावसायिक अभ्यासक्रमाला वर्षाला २५ हजारांपर्यंत. पण तीही आधी भरा, मग मिळवा याच पठडीतली. (ज्या उपकरातून हा कल्याण निधी उभा राहायचा, तो विडीवरचा उपकर २०१७ साली जीएसटीबरोबर बंद झाला, हे कितीजणांना ठाऊक आहे कोण जाणे.)

योजनांची यादी वाचली तर वाटेल, कुणीच सुटलेलं नाही. खुल्या प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आतल्या कुटुंबाला राजर्षी शाहू महाराज योजनेतून निम्मी शिक्षण फी. अनुसूचित जातींना केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, उत्पन्नमर्यादा अडीच लाख. वसतिगृहात नंबर न लागलेल्यांना स्वाधार. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं आर्थिक दुर्बल, मराठा आणि इतर मागास घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ झाली, उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं. निर्णय चांगलाच आहे. पण तो कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेरीतून मिळालेल्या जागेला लागू आहे. संस्था पातळीवरच्या जागेला नाही, खासगी विद्यापीठालाही नाही. डेव्हलपमेंट फी त्यात येत नाही, मेस येत नाही. बापाला पेपरात 'मोफत' दिसतं आणि खिडकीवर पावती फाडली जाते. स्वाधारचंही तेच. ते पैसे खोलीभाड्याचे आणि डब्याचे. घरमालक भाडं महिन्याच्या महिन्याला मागतो, योजना सवडीनं देते.

आता इतिहासाकडं येतो. आमच्याच गावात याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी दिलं होतं. जुलै १९२४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि लगेच जानेवारी १९२५ मध्ये सभेनं अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढलं, ते सोलापुरात. तिथं पोरांना काय मिळायचं? जेवण, कपडे, वह्या-पेन्सिली. प्रतिपूर्ती, म्हणजे आधी खर्च करा आणि मग परत मिळवा, हा शब्द त्या वसतिगृहाला माहीत नव्हता. मुलगा आला त्या संध्याकाळी त्याच्या ताटात भाकरी पडत होती. बाबासाहेबांना याचं मोल दुसऱ्या कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती. १९१३ साली सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेला गेले, महिन्याला साडेअकरा पौंड. तिथून लंडनला पोचले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. पुन्हा लंडन गाठायला १९२० उजाडलं. सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातली शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि एका पारशी मित्राकडून घेतलेले उसने पैसे, असं सगळं जुळवून. तो उशीर नव्हता, मुदत संपली होती, हा फरक मला मान्य आहे. पण पैशाची तारीख आणि अभ्यासाची तारीख जुळली नाही की अशा बुद्धीच्या माणसाचीही तीन वर्षं जातात. मग आमच्या बी.फार्मसीच्या पोरीचं काय होत असेल?

शाहू महाराजांनी १९०२ साली संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवल्या, हे प्रत्येक भाषणात येतं. त्याच्या आदल्याच वर्षी कोल्हापुरात त्यांनी वसतिगृहाला सुरुवात केली होती, हे क्वचित येतं. क्रम बघा. आधी राहायची सोय, मग राखीव जागा. कर्मवीर भाऊरावांच्या बोर्डिंगात धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, ते यासाठीच की पोरांच्या पोटाला पुढच्या हप्त्याची वाट बघता येत नाही. आपण या माणसांची नावं योजनांना दिली आणि त्यांची घाई तेवढी वगळली.

समोरच्या बाजूला म्हणण्यासारखं काहीच नाही, असं नाही. सगळ्यात वजनदार मुद्दा घोटाळ्यांचा. महाराष्ट्रात शिष्यवृत्तीच्या पैशावर संस्थांनी हात मारले, नसलेले विद्यार्थी दाखवले, शेवटी चौकशीला विशेष तपास पथक नेमावं लागलं. पैसा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात टाकायची व्यवस्था त्या रोगावरचं औषध म्हणूनच आली. आमच्या खिडकीतूनही मी चार गोष्टी पाहिल्या आहेत. उसाची दहा एकरं असलेल्याचा उत्पन्नाचा दाखला आणि विडी कामगाराचा दाखला यांत आकड्यांचा फरक नसायचा. तेव्हा कागद मागूच नका, असं मी म्हणणार नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. चोरी संस्थांनी केली आणि शिक्षा पोरांना झाली. तपासणीला वेळ लागतो हे मान्य, पण त्या वेळेचा खर्च तपासणाऱ्यानं सोसायचा की ज्याची तपासणी होते त्यानं? शिवाय हे कागद देतं कोण? तहसीलदारानं दिलेला दाखला समाजकल्याणला दाखवायचा, समाजकल्याणच्या समितीनं दिलेली पडताळणी प्रवेशाचं काम बघणाऱ्या सीईटी सेलला दाखवायची. सगळी सरकारचीच घरं. एका घरातला कागद दुसऱ्या घरात पोचवायला हमाल मात्र सतरा वर्षांचं पोरगं.

दुसरा मुद्दा कॉलेजांचा, आणि तो मी हलका मानत नाही, कारण माझ्या घरची चूल त्यावर पेटायची. विनाअनुदानित कॉलेज फीवर चालतं. शासनाकडची प्रतिपूर्ती थकली की पहिली कात्री शिक्षकांच्या पगाराला. आम्ही चार-चार महिने बिनपगारी काढले आहेत. अशा वेळी संस्थाचालक खिडकीवरच्या माणसाला सांगतो, "बघा काय जमतंय ते वसूल करा." तेलंगणात ज्यांचे पाहुणे आहेत (आणि सोलापूरच्या पूर्व भागात ते कुणाचे नाहीत?), त्यांना तिथली कथा ठाऊक आहे. संयुक्त आंध्रात २००८ च्या सुमारास मोठी फी प्रतिपूर्ती योजना आली, लाखो पोरं शिकली, आणि पुढं थकबाकीसाठी तिथल्या खासगी कॉलेजांवर बंद पुकारायची पाळी आली. 'फी घेऊ नका' एवढं परिपत्रक काढून भागत नाही, हाच त्याचा धडा. परिपत्रकं आमच्याकडंही दरवर्षी यायची. आम्ही ती नोटीस बोर्डावर लावायचो आणि खाली खिडकीत फी मागायचो.

तिसरा मुद्दा जिद्दीचा, आणि सोलापुरात तो हमखास एका नावानं येतो. सुशीलकुमार शिंदे कोर्टात शिपाई होते, नोकरी करत शिकले, मुख्यमंत्री झाले, केंद्रात गृहमंत्री झाले. मग आजच्या पोरांना काय धाड भरलीय? त्या प्रवासाबद्दल मला आदरच आहे. पण उदाहरण नीट वाचलं तर ते माझ्याच बाजूनं बोलतं. कोर्टाच्या शिपायाला पगार थोडा असेल, तो ठरल्या तारखेला हातात पडायचा. त्यावर माणूस हिशेब बसवू शकतो, रात्री अभ्यासाला बसू शकतो. जिद्दीलाही तारीख लागते. आणि त्या काळी आर्ट्सच्या पदवीला सुरुवातीलाच वर्षाची फी एकरकमी ओतावी लागत नव्हती. आजचं पोरगं रात्री हॉटेलात कप विसळूनही ती एकरकमी जमवू शकत नाही, मग त्याची जिद्द कमी पडली म्हणायचं?

शैक्षणिक कर्जाचा मुद्दा फार ताणत नाही. २०२४ च्या पीएम विद्यालक्ष्मीत तारण नाही, जामीन नाही, व्याजात सवलतही आहे. पण ती वरच्या निवडक संस्थांपुरती. ज्याला अशा संस्थेत प्रवेश मिळाला, त्याची निम्मी लढाई तिथंच झाली. 'फुकटाची किंमत नसते' या वाक्याला तर मी उत्तरच देत नाही. ज्यांनी ते बारशाच्या मांडवात उच्चारलं, ते स्वतः अनुदानित शाळेत आणि अनुदानित कॉलेजात शिकले.

'कुणाला' हा प्रश्न बिनमहत्त्वाचा आहे, असं मात्र समजू नका. इतर मागास वर्गाच्या दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा महाराष्ट्रातल्या वास्तव्याचा पुरावा लागतो. मागावर काम करायला आलेल्या कुटुंबातला आजोबा त्या तारखेनंतर सोलापुरात उतरला असेल, तर नातू इथंच जन्मून, इथंच विणून, इथंच शिकूनही वेगळ्या रांगेत. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरातल्या सीमेवरच्या गावांतून सोयरीक पलीकडं झाली की कागदांचा गुंता वाढतो. हे वाद खरे आहेत, ते व्हायला हवेत. पण ते वाद जिंकलेल्या पोराचं पुढं काय होतं, हे कुणी विचारत नाही. अनुसूचित जातींची पात्रता १९४४ पासून, म्हणजे मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली तेव्हापासून, वादातीत आहे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं या योजनेला पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटी मंजूर केले, केंद्राचा वाटा ६० टक्के ठरला. नव्या नियमांत फ्रीशिप कार्डही आलं. पोरानं कार्ड दाखवायचं आणि फी न भरता प्रवेश घ्यायचा. पात्रता, पैसा, कार्ड, कागदावर सगळं जुळलेलं. तरी माझ्या खिडकीपुढं त्याच प्रवर्गातली पोरं उभी होती, ती कशासाठी?

कारण उशीर झाला तर काय, याचं उत्तर या व्यवस्थेत कुठंच लिहिलेलं नाही. आणि हे उत्तर कसं लिहावं, ते सोलापूरला शिकवायची गरज नाही. आमचा जिल्हा उसाचा. ऊस कारखान्याला गेल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या किमान दरानं उसाची किंमत, द्यायची आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज द्यायचं, हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातच आहे. आमचे चादर-टॉवेलवाले एमआयडीसीत बसून सांगतील, लघुउद्योगाचं बिल पंचेचाळीस दिवसांच्या आत चुकतं झालं पाहिजे, नाहीतर २००६ च्या कायद्यानं चक्रवाढ व्याज, तेही बँक दराच्या तिप्पट. उसाला चौदा दिवस, टॉवेलला पंचेचाळीस. पोरीच्या फीला किती? आकडाच नाही.

यावर एक जण मला म्हणाला, "एफआरपीचं काय सांगता? आपल्याच जिल्ह्यातले कारखाने थकवतात की." थकवतात. रस्त्यावर उतरल्याशिवाय बिल निघत नाही, अशी वर्षं मीही पाहिली आहेत. पण कायदा मोडला हे कळायला आधी कायदा असावा लागतो. थकवणाऱ्या कारखान्याचं नाव यादीत येतं, रक्कम येते, साखर आयुक्त महसुली वसुलीचा आदेश काढतात, जिल्हाधिकारी साखर जप्त करू शकतो. शेतकऱ्याला आपले किती दिवस वर गेले ते बोटावर मोजता येतं. शिष्यवृत्तीच्या पोराला पोर्टलवर फक्त 'प्रलंबित' दिसतं. किती दिवसांपासून, कुणाच्या टेबलावर, याची यादी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयाच्या दारावर लावायला काय हरकत आहे? अर्ज कॉलेजनं पुढं पाठवला त्या दिवसापासून साठ दिवस धरा, नव्वद धरा. त्यानंतर शासनानं कॉलेजला व्याज द्यायचं, आणि मुदतीत असो वा मुदतीबाहेर, विद्यार्थ्याकडं फी, परीक्षेचा फॉर्म, दाखला यासाठी बघायचंच नाही. फ्रीशिप कार्ड एका प्रवर्गापुरतं कशाला, ज्याला ज्याला कुठली ना कुठली माफी लागू आहे त्या प्रत्येकाला द्या, खुल्या प्रवर्गातल्या निम्म्या फीवाल्यालाही.

शासनाकडं व्याजाला पैसा कुठून येणार, हा शेवटचा आक्षेप. व्याज आजही भरलं जातंच आहे. विडी वळणारी बाई ते आठवड्याला भरते. प्रश्न एवढाच की ते तिनं का भरायचं.

आता माझ्या हातानं झालेली गोष्ट. एक मुलगी दुसऱ्या वर्षाला होती. अनुसूचित जातीतली, आई विडी कामगार, वडील नाहीत. नियमानं तिच्याकडं फी मागायलाच नको होती. पण शिष्यवृत्ती आली नव्हती आणि वरून फी थकलेल्यांची यादी आली होती. मी तिचा परीक्षेचा फॉर्म ठेवून घेतला. ती तीन वेळा आली. तिसऱ्यांदा आईला घेऊन आली. आईनं रुमालाच्या गाठीतून आठ हजार काढून खिडकीच्या फळीवर ठेवले, बोटांना तंबाखूचा वास होता. आठ हजारांनी भागत नव्हतं. मुलगी पुन्हा आली नाही. नंतर कळलं की एका गणवेशाच्या कारखान्यात काज-बटणावर लागली.

चौदा महिन्यांनी ती एकटीच खिडकीत उभी राहिली. केंद्राचा हिस्सा तिच्या खात्यात जमा झाला होता, आणि खात्यात आल्यावर सात दिवसांत तो कॉलेजला भरायचा असतो, हे तिला मोबाईलवर कुणीतरी वाचून दाखवलं होतं. पैसे काढून, मोजून, रबर लावून घेऊन आली होती. न शिकलेल्या वर्षाची फी तिनं भरली. मी पावती केली. मग ती म्हणाली, "सर, आता दाखला द्या." तिला तो कुठं लागणार होता, मी विचारलं नाही. दाखल्यावर एक रकाना असतो, कॉलेज सोडण्याचं कारण. सव्वीस वर्षांत तिथं जे लिहीत आलो, तेच लिहिलं: विद्यार्थिनीच्या विनंतीवरून. शिक्का मारून कागद खिडकीतून बाहेर सरकवला.